पेटी, ऑर्गन आणि तेलाची बाटली

घरांतील एखादें यंत्र कुरकुरूं लागलें कीं आपला हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. दाराच्या बिजागरीस ही चिकित्सा लागू पडते. म्हणून ती वाद्यासहि लागू पडेल असें समजून आम्हीं एकदां एक चांगली पेटी बिघडविली. तो प्रमाद व त्यापासून मिळालेला धडा वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

पॅरिस येथें दबें नामक कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें तें वाद्य आपल्याकडे येऊन त्याची हातपेटी झाली, व गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं तिला मैफलींत मान मिळवून दिला. गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना पायानें भाता चालविण्याच्या ऑर्गनची साथ असे. त्या काळाची आठवण म्हणून अनेक घरांत अद्यापि एखादी जुनी पेटी जपून ठेविलेली असते.

पिंपळगाव राजा येथील आमच्या घरांतील पेटी कै. वडीलबंधूंची. एका आषाढांत तिच्या दोनतीन पट्ट्या दाबल्यावर वर येईनात. आम्हीं जवसाचें तेल पिसानें आंत सोडलें. आठ दिवस ठीक चाललें. दसऱ्यास पाहातों तों निम्म्या पट्ट्या डिंकानें चिकटविल्यासारख्या, व मध्यसप्तकांतील पंचम उतरलेला! खामगांवच्या एका वृद्ध कारागिरानें पेटी उघडली व शांतपणें विचारलें, "मास्तर, तेल कोणीं घातलें?" आम्हांस मान खालीं घालावी लागली.

पट्ट्या अडकल्या होत्या त्या तेलाच्या अभावीं नव्हे, तर पावसाळी ओलाव्यानें लाकूड फुगल्यामुळें. पेटी कोरड्या जागीं ठेविली असती तर बहुधा त्या आपण होऊन मोकळ्या झाल्या असत्या. शिवाय जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. रंगारी तें वापरतात तें याच गुणासाठीं. तिळाचेंहि कालांतरानें चिकट होतें, आणि खोबरेल २४ अंशांच्या सुमारास थिजतें. शिवणयंत्राचें खनिज तेल वाळत नाहीं, परंतु लाकूड, कातडें व बनात यांत तें मुरतें. म्हणून ऑर्गनच्या पायट्याच्या लोखंडी कण्यास त्याचा एक थेंब द्यावा, इतरत्र नाहीं. पट्टी घासतच असेल तर शंखजिऱ्याची कोरडी पूड चिमूटभर लावावी.

पितळी सुरांस तर तेलाचा स्पर्शहि नको. जिभेच्या टोकावर तेल व धूळ बसली कीं तिचें वजन वाढून सूर उतरतो. आमच्या पंचमाचें असेंच झालें. उलट टोक खरवडलें गेलें तर सूर चढतो. म्हणून देवाचीं उपकरणीं चिंचेनें लखलखीत करणाऱ्या गृहिणींनीं येथें मात्र हात आवरावा. मऊ कोरडी कुंचली पुरे. स्पिरिटनें लाखेचें पॉलिश विरघळतें, हेंहि लक्षांत असावें.

विजेच्या जुन्या ऑर्गनांचा न्याय थोडा निराळा. १९३५ त बाजारांत आलेल्या हॅमंड ऑर्गनांत दातेरी पोलादी चाकें लोहचुंबकापुढें फिरून स्वर उत्पन्न होतो. तेथें तेल अवश्य हवें. सुती धाग्यांवाटें तें प्रत्येक चाकाच्या कण्यापर्यंत पोंचतें. परंतु तें त्या यंत्रासाठीं सांगितलेलें पातळ खनिज तेलच असावें. चिकटणाऱ्या तेलानें धागे तुंबतात आणि चाकें जागच्या जागीं अडतात. गंज सोडविण्याच्या फवाऱ्यास वंगण समजूं नये. खरखरणाऱ्या घुंडीसाठीं विजेच्या जोडांकरितां मिळणारा, मागें थर न ठेवणारा द्रव घ्यावा. शिसपेन्सिलीची पूड येथें वर्ज्य, कारण तींतून वीज वाहते. आणि प्लग काढल्यावरहि कंडेन्सरांत वीज शिल्लक राहाते. तेव्हां आंत हात जाणत्यानेंच घालावा.

कारागिरानें टर्पेंटाइन व बांबूची कामटी घेऊन दोन दिवसांत पेटी मोकळी केली. पंचम पूर्ववत् झाला. मात्र तेल प्यालेली एक पट्टी बदलावी लागली. तिचा रंग इतरांशीं मिळत नाहीं. नात पेटी घेऊन बसली कीं आमची दृष्टि प्रथम त्याच पट्टीवर जाते. संस्कृतांत तेल आणि माया या दोहोंस स्नेह हा एकच शब्द आहे. बंधूंच्या पेटीवर आम्हीं दोन्ही ओतलीं. जागा मात्र पाहिली नाहीं.