एक रुग्ण, दोन केसपेपर
भारजा नदीच्या मुखाशी वसलेले केळशी हे दापोली तालुक्यातील गाव. कर्ता पुरुष मुंबईला आणि म्हातारी माणसे गावी, ही कोकणची जुनी रीत. मुंबईहून कोणी कायमचा परतला, बोलेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, की घरचे आधी बाहेरचे काही आहे का ते बघतात. गाऱ्हाणे होते, अंगारा येतो. त्याच्या ट्रंकेच्या तळाशी एआरटीच्या गोळ्यांची बाटली दडवलेली असते, ती मात्र कोणी बघत नाही.

एचआयव्ही आणि मानसिक आजार एकत्र भेटलेल्या माणसाची ही अवस्था आहे. एचआयव्हीबाधितांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, हे देशोदेशीच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. नैराश्य आले की जगण्यातला रस जातो आणि पहिली सुटते ती गोळी. गोळी सुटली की विषाणू पुन्हा वाढतो व त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. याउलट रोज गोळी घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. म्हणजे मनाचा उपचार ही चैन नव्हे, तो एचआयव्हीच्या उपचाराचाच भाग होय.

परंतु आपल्या सरकारी व्यवस्थेत या एकाच माणसाचे दोन केसपेपर निघतात. २००४ च्या एप्रिलपासून देशात एआरटी मोफत मिळू लागली, ही मोठीच गोष्ट झाली. तिथे 'गोळ्या वेळेवर घेता का?' असे विचारले जाते. 'झोप लागते का? जगावेसे वाटते का?' हेही तितक्याच नेमाने विचारले गेले पाहिजे. मनाचा आजार बळावला तर दुसरी खिडकी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची. केळशीहून तिथे जायचे तर एसटीने अख्खा दिवस मोडतो, रोजंदारी बुडते ती वेगळीच.

दोन खिडक्यांनी एकमेकींशी न बोलण्याचा धोका नुसता गैरसोयीचा नाही. फिट्ससाठी आणि मनाच्या टोकाच्या चढउतारांसाठी दिली जाणारी कार्बामाझेपिन ही गोळी एचआयव्हीच्या डोलुटेग्राविर या औषधाचे रक्तातील प्रमाण घटवते. डॉक्टरांना दोन्ही ठाऊक असतील तर ते डोस बदलतात किंवा दुसरी गोळी देतात. रुग्णाने भीतीपोटी एक आजार लपवला तर दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आणि रुग्ण मात्र मरणाच्या वाटेवर!

मग तो लपवतो का? कारण उघड आहे. बातमी गावभर झाली तर त्याचा पेला वेगळा होतो, ताट वेगळे होते. विटाळ म्हणजे काय हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या भोगावे लागले, त्या आपल्या वस्त्यांत तरी हा वेगळा पेला दिसता कामा नये. पण तो दिसतो, हे कटू असले तरी सत्य आहे. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. ते कर्वे घराणे याच दापोली तालुक्यातील मुरुडचे. लैंगिक प्रश्नांवर वाचकांच्या शंकांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा बचाव होता. खटला हरला. आज तसा खटला कोणी भरत नाही, तरी आपल्या सभांमध्ये हा विषय निघत नाही.

कायदा मात्र पुढे गेला आहे. २०१७ साली संसदेने दोन कायदे केले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून आणि एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पहिल्याच्या १८ व्या कलमाने उपचार हा हक्क झाला, त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही हे स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाकडे कार्ड नसले तरी सरकारी उपचार मोफत आहे. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा आहे. दुसऱ्या कायद्याप्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. नवरा गेल्यावर सासरच्यांनी बाधित विधवेला राहत्या घरातून काढणे हेही बेकायदा आहे.

कार्यकर्त्यांना फार उपयोगी पडेल अशी एक तरतूद मुद्दाम सांगतो. मानसिक आरोग्य कायद्याच्या १४ व्या कलमाखाली कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. घरच्यांनी तोंड फिरवले तरी वाडीतला एखादा विश्वासू माणूस त्याच्यासोबत रुग्णालयात उभा राहू शकतो. रुग्णाने लेखी संमती दिली तर दोन्ही केसपेपर दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवता येतात. किल्ली रुग्णाच्याच हाती राहते. आपण तिच्यासाठी हट्ट धरायचा नाही, त्याने दिली तर तोंड बंद ठेवायचे.

कोर्टात गेलो तर नाव फुटेल, ही भीतीही अनाठायी आहे. केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली निकाल दिला, तो 'एमएक्स' या टोपणनावाने. २०१७ च्या कायद्याने ही सोय आता सर्वांना दिली आहे. लोकपालाकडे तक्रार केली तर तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो चोवीस तासांत.

एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही फोन मोफत आहेत. पुढच्या महिन्यात वाडीची किंवा मुंबई मंडळाची सभा असेल, तिथल्या फळ्यावर हे दोन आकडे लिहून टाका.