'तंबोरा ऐकू येत नाही, ताई!'

गाण्याच्या ऑनलाइन शिकवणीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. पुण्यात किंवा डोंबिवलीत बसलेल्या ताई तंबोरा लावून षड्ज देतात. न्यू जर्सीतल्या विद्यार्थिनीला ताईंचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, तंबोरा मात्र दोन-चार सेकंदांत विरून जातो. मग पहिला संशय नेटवर, दुसरा वेबकॅममधल्या माइकवर. आणि लगेच चौकशी सुरू होते, चांगला माइक कोणता घ्यावा?

या गुन्ह्यात माइकचा हात बहुतेक वेळा नसतो. व्हिडिओ कॉलची ॲप बोलण्यासाठी घडवलेली आहेत. एकसारखा, न थांबता येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं समजून ती तो गाळून टाकतात. तंबोऱ्याचा नाद तर अखंडच असायला हवा. त्यामुळे सगळ्यात आधी तो कापला जातो, त्यापाठोपाठ पेटीचा धरून ठेवलेला सूर, आणि कधी कधी गायकाचा लांब आकारही. पन्नास हजारांचा माइक आणला तरी ही गाळणी चालू असेल तर हेच होणार. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सोय आहे, आणि त्यातच 2020 मध्ये संगीतासाठी खास हाय फिडेलिटी मोड आला. सेटिंगमध्ये सोय निवडली तरी प्रत्यक्ष तासाला तिचं बटण चालू आहे ना, हे पाहावं लागतं. त्यातलं इको कॅन्सलेशन बंद केलं तर दोन्हीकडे हेडफोन हवेतच. नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमायला लागतो.

दुसरी खोड आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करण्याची. ताई तार षड्जाला गेल्या की यंत्रणा आवाज दाबते, मंद्रात उतरल्या की वर ओढते, आणि मध्ये श्वासाला थांबल्या की पंख्याची घरघर फुगवून दाखवते. ख्यालातला लहान-मोठा आवाज सगळा एका उंचीचा होतो. विद्यार्थ्याला स्वर कळतो, पण त्यावर किती जोर दिला ते कळत नाही. माझ्या मते शिकवणीचं खरं नुकसान इथे होतं. ही आपोआप पातळी ठरवण्याची खूणही सेटिंगमधून काढता येते.

हे सगळं करून झालं की मग माइकचा विचार. तिथे किमतीच्या आधी अंतर येतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. वेबकॅम स्क्रीनच्या डोक्यावर, तोंडापासून साधारण 80 सेंटिमीटरवर असतो. तोच माइक वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटरवर आणला तर गळ्याचा आवाज जवळजवळ 12 डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र तितकाच राहतो. वेबकॅमच्या माइकमधून येणारा तो 'विहिरीतून बोलल्यासारखा' आवाज मुख्यतः या अंतरामुळे येतो. ही गोष्ट रेकॉर्डिंगइतकीच जुनी आहे. 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा विजेचा माइक नव्हताच. कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन गावं लागे.

वेबकॅमच्या माइकला सरसकट नावं ठेवू नयेत. तो इवलासा असला तरी कामाचा असतो. ऑफिसची मीटिंग, सोसायटीची सभा, आजी-नातवाच्या गप्पा यांना तो पुरतो. गाण्याला तो अपुरा पडतो, कारण कॅमेरा जिथून चेहरा दिसतो तिथेच राहणार, आणि माइक त्याला चिकटलेला. वेगळ्या माइकचा मोठा फायदा हाच, की तो हलवता येतो.

म्हणून मी आधी वायरचा साधा इअरफोन लावून बघायला सांगेन. त्याचा माइक गळ्याजवळ येतो. ब्लूटूथचा इअरफोन मात्र शिकवणीला टाळावा. त्याचा माइक चालू झाला की जोडणी सहसा फोनकॉलच्या दर्जावर उतरते आणि गाणं पोकळ वाटतं, शिवाय आवाज पोचायला आणखी उशीर लागतो.

विकतच घ्यायचा तर एकट्या गायकाला, पुढच्या बाजूचा आवाज जास्त घेणारा कार्डिऑइड यूएसबी माइक पुरेसा आहे. कॉलर माइक बहुधा चारी बाजूंनी ऐकतो. त्यात पेटी गळ्यावर चढते आणि पदराची सळसळही येते. कंडेन्सर माइक बारकावे सुंदर टिपतो, पण रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये तो हॉर्न आणि कुकरच्या शिट्ट्याही तितक्याच इमानाने टिपतो. तिथे तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बरा. 1966 पासून रंगमंचावर टिकून असलेला शुअर एसएम58 याच जातीचा. पण तो थेट लॅपटॉपला लागत नाही, त्यासाठी ऑडिओ इंटरफेस लागतो. गळा आणि पेटी वेगवेगळी धरायची असेल, तबलाही शिकवायचा असेल, तरच या वाटेने जावं. इंटरफेसवर कंडेन्सर लावला तर त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो, हेही दुकानातच विचारून घ्यावं.

आणि खोली! टाइल्सची जमीन, उघड्या भिंती, काचेची सरकती खिडकी, अशा खोलीत एक टाळी वाजवून पाहा. ती झणझणत राहिली तर माइकही तेच ऐकणार. सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं कपाट, समोरच्या भिंतीवर टांगलेली गोधडी यांनी होणारा फरक नव्या माइकच्या फरकाइतका मोठा असू शकतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एवढं करा. सेटिंग बदला, इअरफोन लावा, खोलीत सतरंजी अंथरा आणि तासाचं पाच मिनिटं रेकॉर्डिंग पलीकडच्या विद्यार्थ्याला करायला सांगा. ते हेडफोन लावून शांतपणे ऐका. तंबोरा अखंड वाजतोय आणि मंद्रातला स्वर कळतोय, तर खरेदीची गरज नाही. अजूनही आवाज लांबून येतोय असं वाटलं, तर यूएसबी माइक आणि एक चांगला स्टँड घ्या; स्टँडवर काटकसर करू नका.