सफरचंद आणि बांधावरची फळे

घरात कोणी आजारी पडले, की भेटीस येणारा पाहुणा हाती सफरचंदे घेऊन येतो, अशी रीत आता खेड्यापाड्यांतही रूढ झाली आहे. पातूरसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत पूर्वी हे फळ क्वचितच दिसे. आज शीतगृहांच्या सोयीमुळे ते वर्षाचे बाराही महिने गाड्यांवर मांडलेले आढळते. फळ उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या घरच्या बांधावरील जांब बाजारात विकला जातो आणि त्या पैशातून दोन सफरचंदे विकत आणली जातात, त्या घराचा या व्यवहारात नफा होतो की तोटा, याचा विचार प्रत्येक शेतकरी कुटुंबाने केला पाहिजे.

सफरचंद हे थंड प्रदेशाचे फळ

सफरचंदाचे रानटी पूर्वज मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानच्या बाजूस, अद्यापही आढळतात. तेथून हे फळ व्यापारी मार्गांनी पश्चिमेकडे व पूर्वेकडे पसरले. आपल्या देशात काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड ही त्याची मुख्य घरे होत. हिमाचल प्रदेशातील कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी, जे पुढे सत्यानंद स्टोक्स या नावाने ओळखले गेले, १९१६ साली 'रेड डिलिशियस' या जातीची लागवड केली आणि त्या डोंगराळ मुलखाचे अर्थकारण पालटले.

सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे साधारणतः ८०० ते १२०० तास मिळावे लागतात. एवढी थंडी मिळाल्याखेरीज झाडाची विश्रांती पुरी होत नाही व बहरही नीट येत नाही. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो आणि हिवाळ्यातील कडाक्याची थंडी थोडेच दिवस टिकते. म्हणून वऱ्हाडात या जातींची लागवड यशस्वी होणे संभवत नाही.

कमी थंडीत फळणाऱ्या काही जाती अलीकडे निघाल्या आहेत. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी श्री. हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली 'एचआरएमएन-९९' ही त्यांपैकी एक होय. या कार्याबद्दल २०२५ साली त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. तथापि एखादे झाड जगणे ही एक गोष्ट आणि बाग फायद्यात चालणे ही दुसरी गोष्ट होय. रोपे विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून कोणीही आपले शेत या प्रयोगास लावू नये. हौस असल्यास दोन-चार रोपे लावून पाच-सहा वर्षे अनुभव घ्यावा.

सफरचंदात काय आहे

सालीसकट खाल्लेल्या १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ८५ ग्रॅम पाणी, १३ ते १४ ग्रॅम पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ आणि अडीच ग्रॅमच्या आतबाहेर तंतुमय भाग असतो. त्यापासून ५० ते ६० कॅलरी उष्मांक मिळतात. प्रथिने व स्निग्ध पदार्थ नाममात्र असतात. त्यातील 'पेक्टिन' नावाचा विद्राव्य तंतू पोट साफ ठेवण्यास साह्य करतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉल काही अंशी कमी करण्यास उपयोगी पडतो. फळातील साखर सावकाश रक्तात उतरत असल्याने मधुमेही व्यक्तीसही ते बेताने खाता येते. शरीररक्षणास उपकारक अशी काही वनस्पतिद्रव्ये त्याच्या सालीत विशेष प्रमाणात असतात. साल काढून टाकल्यास ती द्रव्ये आणि जवळजवळ निम्मा तंतुमय भाग वाया जातो. रस काढून गाळल्यास तर बव्हंशी साखर व पाणीच हाती राहते.

रोज एक सफरचंद खाणाऱ्यास वैद्याची गरज पडत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी म्हण सर्वत्र ऐकू येते. तिचे जुने छापील रूप १८६६ सालचे असून ते ब्रिटनमधील वेल्स प्रांतातले आहे. ज्या प्रदेशात हिवाळाभर टिकणारे दुसरे ताजे फळ नव्हते, तेथे ही म्हण रुजावी हे स्वाभाविक होते. अमेरिकेतील ८ हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींच्या माहितीवरून या म्हणीची परीक्षा करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिक्षण, धूम्रपान इत्यादी बाबींचा हिशेब केल्यावर रोज सफरचंद खाणारे व न खाणारे यांच्या डॉक्टरांकडे जाण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. सफरचंद खाणाऱ्यांना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांची गरज मात्र किंचित कमी पडत असल्याचे दिसले. यावरून सफरचंद निरुपयोगी ठरत नाही, परंतु ते औषधही नव्हे, एवढे स्पष्ट होते.

'क' जीवनसत्त्वाचा हिशेब

१७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या वैद्याने एक प्रयोग केला. हिरड्या सुजून रक्त येण्याच्या 'स्कर्व्ही' या रोगाने पछाडलेल्या १२ खलाशांच्या त्याने सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्री व लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. सफरचंदाचा आंबवलेला रस घेणाऱ्या जोडीस थोडासाच गुण आला. संत्र्या-लिंबात असे काय आहे, हे त्या काळी ठाऊक नव्हते. पुढे विसाव्या शतकात 'क' जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि या फरकाचा उलगडा झाला.

१०० ग्रॅम सफरचंदात 'क' जीवनसत्त्व जेमतेम ४ ते ५ मिलिग्रॅम असते. आता आपल्या परिसरातील फळांचे आकडे पाहावेत. जात, जमीन व पक्वता यांनुसार यात कमीअधिक होते, तरीही १०० ग्रॅम फळातील प्रमाण साधारणतः पुढीलप्रमाणे असते.

जांब (पेरू): २०० मिलिग्रॅमच्या वर
आवळा: २५० ते ६०० मिलिग्रॅम
बोर: सुमारे ७० मिलिग्रॅम
पपई: सुमारे ६० मिलिग्रॅम
लिंबू: ४० ते ५० मिलिग्रॅम
संत्रे: ३० ते ५० मिलिग्रॅम
सीताफळ: सुमारे ३५ मिलिग्रॅम

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व मिळाले पाहिजे. ही गरज अर्ध्या जांबाने भागते. तीच केवळ सफरचंदांतून भागवावयाची झाल्यास दिवसाला किलोहून अधिक सफरचंदे खावी लागतील! जांबातील तंतुमय भागही सफरचंदाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. जे फळ शेळ्या खातात व पोरे दगड मारून पाडतात, ते बाजारातील चकचकीत फळाहून या बाबतीत कितीतरी सरस आहे.

रक्तक्षय आणि फळे

हा हिशेब केवळ आकड्यांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांत हा दोष दिसून आला. चालताना धाप लागणे, चेहरा फिकट पडणे, कामात उत्साह नसणे ही त्याची लक्षणे होत. निंदणी व कापूसवेचणीचे कष्ट उपसणाऱ्या स्त्रीस हा आजार हळूहळू पोखरून टाकतो आणि बाळंतपणात तो जिवावर बेततो.

वऱ्हाडी जेवणात लोह अजिबात नसते असे नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभऱ्याची पाने, अंबाडी यांत ते आहे. परंतु वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचा थोडाच अंश शरीरात शोषला जातो. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असल्यास हे शोषण वाढते आणि जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते घटते. म्हणूनच भाजी-भाकरीबरोबर जांबाची फोड, आवळ्याची चटणी किंवा वरणावर पिळलेले लिंबू यांचे मोल फार मोठे आहे. बाळापूर तालुक्यातील वाडेगाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे आणि पातूरच्या शेतकऱ्यासही हे फळ परके नाही. लिंबू भांडे चुलीवरून उतरवल्यावर पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात व जंत हेही त्यांपैकी एक होय. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या फळे खातो म्हणून बंद करू नयेत. त्या चहाबरोबर न घेता पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात.

बांधावरची फळबाग

पातूर गाव डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. अशा डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत सीताफळ व बोर कमी पाण्यावर तग धरतात, तर निचऱ्याच्या मध्यम जमिनीत जांब व लिंबू चांगले येतात. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत लिंबाच्या मुळ्या कुजतात, म्हणून तेथे ते लावू नये. कुटुंबाच्या गरजेपुरता विचार केल्यास दोन जांब, एक लिंबू, एक आवळा, दोन बोरी व सांडपाण्यावर तीन-चार पपया एवढी झाडे पुरेशी आहेत.

जांबाची 'सरदार' ही जात पुण्याच्या गणेशखिंड येथे १९२७ साली निवडण्यात आली व ती 'लखनौ-४९' या नावानेही ओळखली जाते. तिची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. बांधावर आपोआप उगवलेली रानबोर तोडून न टाकता तिचे रूपांतर चांगल्या बोरीत करता येते. त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये झाड जमिनीपासून हातभर उंचीवर छाटावे, नव्या फुटींतील जोमदार एक-दोन राखाव्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी त्यांवर 'उमराण' किंवा 'कडाका' यांसारख्या जातीचे डोळे भरावेत. बोरीस नव्या फुटीवर फळे येतात, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात छाटणी करणे अगत्याचे आहे. किडकी, गळालेली बोरे वेचून खोल पुरल्यास फळमाशीचा उपद्रव कमी होतो.

अशी झाडे असल्यास वर्षभर फळांचा खंड पडत नाही. पावसाळा सरता सरता सीताफळ येते. हिवाळ्यात जांब, आवळा, बोर व आंबिया बहाराचे संत्रे मिळते. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास मृग बहाराचे संत्रे असते. उन्हाळ्यात आंबा आणि पावसाच्या तोंडावर जांभूळ येते. पपई व लिंबू तर थोडीफार सदाच असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दररोज सुमारे १०० ग्रॅम फळ खाण्याची शिफारस केली आहे, ती अशा घरी पदरमोड न करता पाळता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. बाळंतीण, गरोदर स्त्री व वाढती मुले यांच्यासाठी घरच्या फळांतील वाटा विक्रीपूर्वी बाजूला काढण्याची सवय कुटुंबांना लावावी.

२. सफरचंद आणल्यास ते स्वच्छ धुऊन सालीसकट खावे. बिया चावून खाऊ नयेत. सहा महिन्यांवरील तान्ह्या मुलास कच्ची फोड देऊ नये. वाफवून व कुस्करून द्यावे.

३. लहान मुलांच्या हाती आठळीसह बोर देऊ नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात. उवांवर उपाय म्हणून त्यांची पूड डोक्यास लावल्याने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, हे घरोघरी समजावून सांगावे.

४. मधुमेही व्यक्तीने सीताफळ अत्यंत बेताने खावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने कोणतेही फळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

५. हगवण लागलेल्या मुलास केवळ सफरचंदावर ठेवू नये. जलसंजीवनी प्रथम द्यावी व आरोग्य केंद्र गाठावे.

६. फळझाडे लावू इच्छिणाऱ्यांना भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेची माहिती तालुका कृषी कार्यालयातून मिळवून द्यावी.

सफरचंद परवडत असेल त्याने ते आनंदाने खावे. मात्र ते न मिळाल्याने आपले मूल पोषणास मुकले, अशी खंत कोणत्याही आईने बाळगू नये. तिच्या बांधावरील जांब व बोर यांत त्या मुलाच्या पोषणाचा मोठा वाटा आहे. तो वाटा बाजाराच्या पाटीत जाण्यापूर्वी मुलाच्या ताटात पडावा, यासाठी शेतकरी व कार्यकर्ते या दोघांनीही या हंगामापासूनच झटले पाहिजे.