भरलेली टपालपेटी

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. ‘अरे, लग्नपत्रिका तुला दोनदा ईमेलनं पाठवली, दोन्ही वेळा परत आली. पत्ता बदललास की काय?’ पत्ता तोच होता. पेटी भरली होती.

मंडळी, १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झालं, तेव्हा १ जीबी जागा फुकट मिळणार हे अनेकांना एप्रिल फूलच वाटलं. हॉटमेलवर त्या वेळी २ एमबी मिळत. जुनं पुसल्याशिवाय नवं येत नसे. आता काही पुसायला नको म्हणून आपण निर्धास्त झालो. आज १५ जीबी मिळतात खरे, पण २०१३ पासून त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांचा एकत्र संसार आहे. १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. तेव्हा पेटी पत्रांनीच भरली असेल असं नाही, आधी फोटो पाहा.

साधं पत्र काही केबींचं असतं. २० एमबीची एक चित्रफीत जोडलेली मेल म्हणजे तशी हजारो पत्रं! शिवाय जोडलेली फाइल मेलमध्ये अक्षरांच्या रूपात साठवली जाते, त्यामुळे ती मूळ आकाराच्या साधारण सव्वापट-दीडपट जागा खाते. म्हणून जाहिराती एकेक करून पुसत बसू नका. शोधाच्या चौकटीशेजारच्या फिल्टरमध्ये आकार १० एमबीपेक्षा जास्त असं निवडा. खरे लठ्ठ पाहुणे समोर येतात. ‘अर्काइव्ह’ करून मात्र जागा सुटत नाही. ते म्हणजे ट्रंक माळ्यावर टाकणं. पुसलेलं पत्रही ३० दिवस कचरापेटीत राहतं आणि तोवर जागा अडवतंच.

त्या ३० दिवसांनीच मला वाचवलं. उत्साहाच्या भरात मी २०१० पूर्वीचं सगळं पुसून टाकलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, त्यात दादांची पत्रं होती. निवृत्तीनंतर वडील एका बोटानं टाइप करायला शिकले आणि रोमन लिपीतल्या मराठीत मला पावसापाण्याची खबर कळवू लागले. ती सगळी मिळून एका फोटोएवढीही जागा घेत नव्हती. उठलो, कचरापेटीतून ती परत काढली, ‘दादा’ असं लेबल लावलं आणि गूगलच्या टेकआउट सोयीनं त्यांची एक प्रत संगणकावर उतरवून घेतली. बँकेचे आणि आयकराचे कागदही आता आधी उतरवतो, मग पुसतो.

दोन वर्षं न वापरलेलं खातं बंद करून त्यातला मजकूर काढून टाकण्याचा गूगलचा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात येऊ लागला. दादा आता नाहीत. त्यांचं खातं आम्ही दर दिवाळीत उघडतो, एखादी मेल वाचतो. पासवर्ड त्यांच्या डायरीत आहे, गॅस सिलिंडरच्या तारखांखाली लिहिलेला.