फर्मे दुमडणारे हात

परवा माळा आवरताना एक जुनं क्रमिक पुस्तक हाती लागलं. पाठीवरचा कागद उचकटलेला, आतला दोरा उघडा. त्या दोऱ्यावरून सहज बोट फिरलं आणि अक्काआत्या आठवली.

आत्या बाइंडरकडून फर्मे घरी आणायची. एप्रिल-मे म्हणजे घाईचे दिवस. जूनला शाळा उघडायच्या. स्वयंपाकघरात फरशीवर बसून ती छापील ताव तीनदा दुमडायची, लाकडी पट्टीने घडी दाबायची, की झाली १६ पानं! मग फर्मे ओळीने लावून टाके घालायचे. शाईचा वास आमच्या ताटापर्यंत यायचा. मजुरी शेकड्यावर. घडी वाकडी गेली की पैसे कापले जात. तक्रार करणार कुणाकडे? आत्याला वाचता जेमतेम यायचं, पण १६ नंतर एकदम ३३ दिसलं की ती म्हणायची, ‘‘मधला फर्मा राहिला रे.’’

त्या पुस्तकावर मुद्रकाचं नाव आहे, प्रकाशकाचंही आहे. १८६७च्या कायद्याने मुद्रकाचं नाव छापणं सक्तीचंच केलं होतं. फरशीवर बसलेली आत्या त्या कायद्याला कुठून दिसणार?

बायका घडी-टाक्यापुरत्याच होत्या, असं मात्र कुणी समजू नये. दौंडजवळच्या केडगावी, मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंनी छापखाना चालवला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण ते खिळ्यांत बसवलं कुणी? तिथल्याच बायका-मुलींनी. दुष्काळात घरदार गमावून आलेल्या कितीतरी जणी त्या सदनात होत्या. नागरी खिळे जुळवणं म्हणजे काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं. इंग्रजीपेक्षा केसमधली घरं कितीतरी जास्त, आणि अक्षरं सगळी उलटी! या बायकांनी ते जुळवलं, छापलं, बांधलंही. रमाबाई एप्रिल १९२२मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्याला ‘रमाबाईंचं बायबल’ म्हणतात, ते रास्तच आहे. जुळारणींची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

संध्याकाळी थोडी खळ शिजवली आणि पुस्तकाची पाठ चिकटवायला घेतली. आतला टाका अजून घट्ट होता. तो आत्याचा की आणखी कुणा बाईचा, हे कळायला काही मार्ग नव्हता.