तोफ मागे, ऑफिसर पुढे

खरं सांगायचं तर आम्ही द्रासला थांबलो ते फोटोसाठी. श्रीनगरहून लेहला निघालेली आमची बाईक गँग, आणि वाटेतच कारगिल वॉर मेमोरियल. मागे तोलोलिंगचा डोंगर, समोर तिरंगा. भिंतीवर नावं कोरलेली. विक्रम बत्राचं नाव सगळ्यांनी पटापट शोधलं. ‘शेरशाह’ कोणी पाहिलेला नाही?

मला मात्र होमवर्क होता. ग्रुपमधल्या एकाचे काका तोफखान्यातून रिटायर होऊन देवळालीला राहतात. निघताना त्यांनी मला बजावलं होतं, ‘कॅप्टन आर. जेरी प्रेमराज, 158 मीडियम रेजिमेंट. तेवढं नाव शोध आणि फोटो पाठव.’ शोधलं. सेल्फीवाल्यांच्या गर्दीत फोटो जरासा हलला.

रात्री कारगिलच्या हॉटेलातून फोन लावला. ‘काका, तोफखाना म्हणजे मागे सेफ ना?’

‘तोफा मागे असतात रे. ऑफिसर नसतो.’

मग अर्धा तास क्लास झाला. तोफ कित्येक किलोमीटर मागे, दरीत. तिथल्या जवानांना शत्रू दिसतच नाही. बोफोर्ससारखी 155 मिलिमीटरची तोफ डोंगरापलीकडे गोळा टाकते, पण तो पडला कुठे हे सांगणार कोण? त्यासाठी तोफखान्याचा एक ऑफिसर पायदळाबरोबर चढतो. फॉरवर्ड ऑब्झर्व्हेशन ऑफिसर. सोबत वायरलेस. गोळा पडला की तो सांगतो, इतकं डावीकडे, इतकं पुढे. डोंगरात ही भानगड आणखी अवघड. जरा लांब गेला तर गोळा धारेपलीकडच्या उतारावर, फुकट. जरा कमी पडला तर चढणाऱ्या आपल्याच पोरांवर. आणि विरळ हवेत गोळा मैदानातल्यापेक्षा लांब जातो, तो हिशेब वेगळाच.

आमच्याकडे एक्सेलमध्ये आकडा चुकला तर मेल येते.

जुलै 1999. द्रासजवळच्या मश्कोह भागात 2 नागा बटालियनला ट्विन बम्प्स नावाचं ठाणं घ्यायचं होतं. बत्रा ज्या पॉइंट 4875 साठी लढत होते, त्याच परिसरातलं. नागांबरोबर ऑब्झर्व्हेशन ऑफिसर म्हणून प्रेमराज होते. केरळचे, नुकतंच लग्न झालेले. वरून शत्रूचा मारा चालू, आणि ते खालच्या तोफांना आकडे देत होते. स्नायपरची गोळी लागली. वायरलेस सोडला नाही. जखमी अवस्थेतच ते निशाणा दुरुस्त करत राहिले आणि गोळे शत्रूच्या बंकर्सवर पडत राहिले. मग पुन्हा गोळ्या लागल्या, या वेळी मशीनगनच्या. मागे न्यायला ते तयार होईनात. तिथेच गेले. 7 जुलै. बत्रा गेले तोही हाच दिवस. प्रेमराजना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

मी मध्येच विचारलं, ‘पण जखमी झाल्यावर दुसऱ्या कोणी सांभाळलं नसतं?’ काका जरा चिडलेच. ‘अरे, कुठला गोळा कुठे पडला हे त्या क्षणी त्यालाच माहीत असतं. तो गप्प झाला की खाली तोफा आंधळ्या. आणि वर चढणाऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं.’

त्या युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट्स डागले. 2022 मध्ये द्रासच्या पॉइंट 5140 ला ‘गन हिल’ नाव दिलं गेलं, ते या गनर्ससाठी. टीव्हीवर आपण तोफेच्या तोंडातून निघालेली आग पाहिली, त्या गोळ्यांना वाट दाखवणारा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

फोन ठेवताना मी म्हटलं, ‘काका, फोटो हललाय. परतीचा रूट मनालीवरून आहे, नाहीतर पुन्हा काढला असता.’

‘नाव वाचता येतंय ना? मग पाठव.’