अ‍ॅक्युपंक्चर घेताय? फाइल एकच ठेवा

गुडघे धरले किंवा कंबर अवघडली, की सातारा-सांगलीकडचा माणूस कऱ्हाड नाहीतर मिरज गाठतो. तिथल्या गोळ्या चालू असतानाच कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवतं. ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायचा हा उपचार चीनमधला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजयकुमार बसू पुढे तिथे ही पद्धत शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात रुजवली. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार घ्यायचा ठरवलाच, तर या क्रमाने चला.

आधी निदान. दुखणं कशाचं आहे, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. कंबरदुखीबरोबर ताप असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर सुयांच्या नादी न लागता थेट रुग्णालयात जा.

मग नोंदणी. महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, हे उपचारकाला विचारा आणि प्रमाणपत्र पाहा. भिंतीवरची प्रमाणपत्रं बरेचदा एखाद्या शिबिराची असतात. ती म्हणजे नोंदणी नव्हे.

शिक्षणही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत डॉक्टर नसलेल्यांसाठी २,५०० तासांचं शिक्षण सांगितलं आहे. त्यातले ५०० तास आधुनिक वैद्यकाचे. हे ५०० तास महत्त्वाचे, कारण आपल्या हाताबाहेरचा आजार ओळखून रुग्णाला वेळीच पुढे पाठवणं त्यातूनच जमतं.

पहिल्या भेटीत चालू औषधांची चिठ्ठी दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, मधुमेहामुळे बधिर झालेले पाय, हे न विचारताही सांगा. छातीत पेसमेकर, म्हणजे ठोके नियमित ठेवणारं यंत्र, असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडायचा नाही.

प्रत्यक्ष टोचताना सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे. ती एकदाच वापरायची आणि नंतर टोकदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात टाकायची. सुया साधारण वीस-तीस मिनिटं ठेवतात. त्या जागी जडपणा किंवा मुंग्या जाणवतात, कधी थेंबभर रक्त येतं. उपाशीपोटी गेल्यास चक्कर येऊ शकते, म्हणून थोडं खाऊन जा. छाती-पाठीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचितच घडतं, पण नंतर दम लागला तर घरी थांबू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो यानंतर. थोडं बरं वाटलं, की लोक रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या स्वतःच बंद करतात. दुसरीकडे, डॉक्टर रागावतील म्हणून सुयांचं सांगतच नाहीत. मग कशाने गुण आला आणि कशाने त्रास झाला, हे दोघांनाही कळत नाही. म्हणून फाइल एकच ठेवा. अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याकडून तारीख, उपचाराची जागा आणि फरक दोन ओळींत लिहून घ्या आणि पुढच्या खेपेला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी कमी करायची की नाही, हे ती लिहून देणारेच ठरवतील.

शेवटी हिशेब. सुरुवातीलाच लिहून ठेवा: किती पायऱ्या चढवतात, रात्री किती वेळा जाग येते. अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा वेळा हा उपचार सुचवतात. गुडघ्या-कंबरेच्या जुन्या दुखण्यातही काहींना आराम पडतो, पण झिजलेला सांधा सुईने भरून येत नाही. तेव्हा किती बैठका आणि किती पैसे, हे आधी ठरवा. ठरलेल्या बैठका संपूनही लिहून ठेवलेले आकडे हलले नसतील, तर नवं 'पॅकेज' न घेता फाइल उचला आणि डॉक्टरांकडे परत जा.